ज्या कागदाला कसर लागत नव्हती

पौषातील त्या सकाळी मी ठाण्यास शाळेत जाण्यासाठी पगडी डोक्यावर ठेवीत होतो, तोच अंगणात कोणी तरी खाकरल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तो कल्याणचा लक्ष्मण रंगारी पायरीखाली उभा. पहिल्या आगगाडीने आला असावा. खांद्यावरची घोंगडी दवाने ओली झाली होती, आणि कोपरापर्यंत निळे पडलेले आपले हात त्याने उगाच एकमेकांत गुंतवून धरले होते. "मास्तर..." एवढेच तो म्हणाला. माझ्या मागे दारात माझे कुटुंब येऊन उभे राहिले होते. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि मला बाजूला सारून विचारले, "लक्ष्मणा, दादांना फार त्रास झाला का रे?" तेव्हा तो बोलू लागला. "नाही ताई. काल सांजच्याला तळ्यावर आले होते. माझ्या म्हातारीशी भांडलेसुद्धा. रात्री जेवले, निजले, आणि सकाळी उठलेच नाहीत."

दादा म्हणजे माझे सासरे, कल्याणचे गोविंदपंत. त्यांना जाऊन आता दीड महिना होत आला. आपल्या पत्राच्या पुरवणीत दिवंगत मंडळींविषयी लेख येतात, ते मी नेमाने वाचतो. परंतु आपणही असे काही लिहावे, हे धाडस मला आजवर झाले नव्हते. मुलांचे निबंध तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला स्वतःची चार वाक्ये जुळवताना घाम फुटतो, हे वाचकांनी समजून घ्यावे. दादा काही नामांकित पुरुष नव्हते. त्यांना मुलगा नव्हता. शेजारी राहणारा पुतण्या अंत्यविधीच्या तयारीत गुंतला होता, म्हणून बातमी घेऊन लक्ष्मण आपण होऊन निघाला, आणि कल्याणात कोणालाही त्याचे नवल वाटले नाही. वास्तविक काही वर्षांपूर्वी याच लक्ष्मणाचे बिऱ्हाड तळ्याकाठावरून उठवावे म्हणून गावच्या मंडळींपुढे सर्वांआधी तक्रार घेऊन गेले होते ते दादाच. ती तक्रार आणि तिचा शेवट, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

दादांची सारी नोकरी मामलेदार कचेरीत कारकून म्हणून झाली. मोडी असो वा बाळबोध, त्यांचे अक्षर असे की कागद उलटा धरला तरी ओळी सरळ दिसाव्यात. त्या अक्षराचा त्यांना अभिमानही होता. माझे लिहिणे पाहून एकदा म्हणाले होते, "जावईबुवा, तुमचे अक्षर पाहून मुलगी द्यायची ठरवली असती, तर ती अजून माझ्याच घरी असती." स्वभाव हट्टी, सोवळे कडक. कचेरीतून आले की अंगणातील आडावर स्नान केल्याशिवाय ते पाण्याच्या थेंबालाही शिवत नसत. सासूबाई गेल्यावर मात्र त्यांच्या हट्टाला जणू काही काम उरले नाही. पेन्शन घेतलेले, घरात एकटे, सकाळ संपता संपत नाही, अशा अवस्थेत त्यांनी लिखित जपाचे व्रत धरले. पहाटे स्नान करून कागदाच्या बारीक चिठ्ठ्यांवर रामनाम लिहावयाचे, प्रत्येक चिठ्ठी कणकेच्या गोळीत गुंडाळावयाची, आणि दिवस कलला की त्या गोळ्या रामाच्या देवळामागील तळ्यात माशांना घालावयाच्या. ही चाल आपल्याकडे जुनीच आहे. पुष्कळ वाचकांच्या घरी कोणी ना कोणी हे व्रत केले असेल.

तळे फार मोठे नव्हे. देवळाच्या अंगाला दगडी पायऱ्या, एका कोपऱ्यात पिंपळ, त्यावर संध्याकाळी बगळ्यांची वस्ती, आणि समोरच्या काठाला रंगाऱ्यांची चार घरे, तेथे निळी-तांबडी लुगडी दोरीवर फडफडत असावयाची. देवाचे तळे म्हणून त्यात कोणी जाळे टाकीत नसे. त्यामुळे मरळ आणि खवली ही मासळी निर्धास्त वाढलेली. एक म्हातारे कासव होते, त्याच्या पाठीवर शेवाळ साचलेले, त्याला सारे गाव 'आजोबा' म्हणे. आणि पायरीजवळच्या दगडावर एक खंड्या आपल्या जहागिरीवर बसावे तसा बसत असे. दादांना थोड्याच दिवसांत मासे एकेक ओळखू येऊ लागले. एका डोळ्याने आंधळी असलेली मोठी मरळ होती, तिला ते 'काकू' म्हणत. "काकूंना दिसत नाही, म्हणून त्यांच्या उजव्या अंगाला टाकावे लागते," असे ते मला इतक्या गंभीरपणे सांगत की हसावे की मान डोलवावी हे मला कळत नसे. माझे कुटुंब मला म्हणाले, "दादा पुन्हा बोलायला लागले. माशांशी का होईना."

असे एक-दोन वर्षे चालले. पुढे एका चातुर्मासात देवळात एक पुराणिकबुवा उतरले. दादांच्या चिठ्ठ्या पाहून ते म्हणाले, "पंत, अक्षर उत्तम; पण कागद विलायती दिसतो. याला खळ कशाची असते माहीत आहे ना? जनावरांच्या कातड्याचा सरस उकळून लावतात." त्या दिवशी दादा जेवले नाहीत. नामाला आपण कशात गुंडाळीत आलो, या विचाराने त्यांना घास गिळवेना. मग त्यांना माळ्यावरच्या गठ्ठ्याची आठवण झाली. त्यांचे आजोबा पोथ्यांच्या नकला करीत; त्यांनी नकलेसाठी तयार करून ठेवलेला, पण न लिहिलेला जुना हातकागद तेथे तसाच बांधून ठेवलेला होता. फिकट पिवळा, घोटून गुळगुळीत केलेला. दादांनी तो खाली काढला, फडक्याने पुसला आणि मला मोठ्या समाधानाने दाखविला. "चिंध्यांचा कागद, तांदळाची खळ, आणि घोटणारा हात माझ्या आजोबांचा. यापरते शुद्ध काय हवे?" तेव्हापासून नाम त्या कागदावर लिहिले जाऊ लागले. कातरीने चिठ्ठ्या कापताना बोटांना हळदीसारखी पूड लागे. ती ते धोतराला पुसून टाकीत.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तळे भरलेले होते; कोणाच्या काही लक्षात आले नाही. फाल्गुनात पाणी पायऱ्या उतरू लागले आणि मासे मरू लागले. प्रथम लहान खवली पोट वर करून काठाशी येत. मग मोठे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकल्यासारखे करीत आणि दुसऱ्या दिवशी तरंगताना दिसत. मेलेले मासे बगळ्यांनी उचलले. काही दिवसांनी पिंपळाखाली बगळेच पडलेले सापडू लागले. एक घार देवळाच्या शिखरावर नुसती बसून राहिली, तिला उडवेना. आजोबा कासव दिसेनासे झाले. काकू गेल्या त्या दिवशी मी योगायोगाने कल्याणास होतो. दादांनी मरळ पंच्यात घेतली, पिंपळाच्या मुळाशी खड्डा करून पुरली, आणि परत येताना पायरीवर खंड्या पंख पसरून मेलेला पाहिला. त्यांनी माझ्याकडे वळून म्हटले, "माधवराव, हे आपोआप होत नाही. कोणीतरी विष घालते आहे."

आणि कोण घालते ते सर्वांना दिसतच होते! लक्ष्मणाने त्या साली मुंबईहून विलायती रंगाच्या पुड्या आणल्या होत्या. निळीच्या जोडीला तो आता लखलखीत तांबडी लुगडी रंगवी, आणि ती खळबळली की समोरच्या घाटावरून पाण्यात तांबडा पट्टा सरकत येई. दादा तळ्याच्या अलीकडे उभे राहून बोलले, आणि पलीकडून लक्ष्मणाची आई सखूबाई हातातील पिळा खाली न ठेवता उत्तर देती झाली.

"पंत, माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून याच पाण्यात नीळ धुतोय. तेव्हा मासे काय डोळे मिटून बसायचे?"

"निळीचे नाही म्हणत मी, सखूबाई. त्या पुडीचे म्हणतो."

"आणि तुमच्या खांद्यावरचा पंचा? तांबड्या काठाचा? तो कुठल्या पुडीचा, ते बघा आधी!"

पायऱ्यांवरची मंडळी हसली. दादांनी पंचा खांद्यावरून काढून घडी करून काखेत धरला, आणि तेथूनच ते गावच्या मंडळींकडे तक्रार घेऊन गेले. रामनवमीच्या आधी सर्वांनी देवळात बसून निर्णय करावा, असे ठरले. आणि निर्णय काय होणार हे बसण्याआधीच माहीत होते. रंगाऱ्यांनी काठ सोडावा, विठ्ठलवाडीच्या पलीकडे कोठे तरी जावे. तेथे ना बाजार, ना गिऱ्हाईक, ना बारमाही पाणी. लक्ष्मणाच्या घरी तेव्हा तान्हे मूल होते.

परंतु दादा कचेरीत मुरलेले. पुराव्याशिवाय निकाल व्हावा हे त्यांना रुचेना. त्यांनी अंगणात दोन दगडी डोण्या मांडल्या. एकीत घरच्या आडाचे पाणी, दुसरीत रंगाऱ्याच्या घाटावरचे. आणि दोहोंत जिवंत उरलेल्या खवलींपैकी काही सोडावयाच्या. पाण्यात आम्ही काही मिसळले असे कोणी म्हणू नये म्हणून दुसरे पाणी लक्ष्मणाने स्वतः भरून आणावे, असा निरोप गेला. त्याच्याबरोबर सखूबाईही आली आणि अंगणाच्या दाराशीच उभी राहिली. "घाला, घाला मासे," ती म्हणाली. "फक्त मीठ-मिरची नका घालू पंत, नाहीतर आमच्या घरी कालवण समजून कोणीतरी उचलून नेईल." माहेरी आलेल्या आपल्या मुलीने पदर तोंडाशी धरलेला पाहून दादाही थोडे वळून उभे राहिले.

आता जे झाले ते आमच्याच घरात होऊ शकले असते. डोणीतले झाले तरी ते मासेच. त्यांना उपाशी ठेवणे दादांना शक्य नव्हते. आडाच्या पाण्यातील माशांना ते रोज नामाची गोळी घालू लागले. दुसऱ्या डोणीशी मात्र त्यांचा हात थबकला. रंगाऱ्याच्या घाटावरचे पाणी, त्यात कोणाकोणाची लुगडी पिळलेली. तेथे रामाचे नाव कसे टाकावे? "मग यांना काय उपास घडवायचा?" असे माझ्या कुटुंबाने विचारले. "तू नुसती कणीक घाल. नामाशिवाय," दादा म्हणाले. त्याप्रमाणे ती नुसती कणीक घालू लागली.

थोड्या दिवसांनी आडाच्या स्वच्छ पाण्यातील मासे उलटे झाले. रंगाऱ्याच्या पाण्यातील जिवंत होते.

दादांनी प्रथम डोणीला दोष दिला. ती राखेने घासली, उन्हात वाळविली, दोन्ही डोण्यांतील पाणी बदलून पुन्हा तोच प्रयोग केला. पुन्हा तेच झाले. रविवारी मी ठाण्याहून आलो तेव्हा ते अंगणात डोणीपुढे बसले होते. एक गोळी फोडून त्यातील चिठ्ठी त्यांनी तळहातावर उलगडली होती. मी चपला काढतो न काढतो तोच त्यांनी विचारले, "माधवराव, माळ्यावर या गठ्ठ्याच्या शेजारी आजोबांच्याच पोथ्या होत्या. कसरीच्या किड्यांनी खाऊन त्यांची चाळणी केली. हा मात्र कोरा करकरीत राहिला. का?"

मी म्हटले, "हरताळ लावला असेल. कागद टिकावा म्हणून जुनी माणसे ती पिवळी पूड लावीत."

"लावीत काय? माझ्यासमोर खलत असत. या कागदाला लावला, त्या पोथ्यांना लावायचे राहून गेले. ते मला ठाऊक आहे. तुम्ही मुंबईस रसायन शिकलात. हरताळात काय असते ते सांगा."

मी म्हणालो, "सोमल. जालीम विष."

आडावरचा रहाट वाऱ्याने थोडा थोडा कुरकुरत होता... मग चिठ्ठीवरील आपल्याच अक्षराकडे पाहत ते म्हणाले, "ज्या कागदाला कसर तोंड लावीत नाही, तो मी माशांच्या तोंडी दिला."

"दादा, तुम्हाला काय ठाऊक होते?" मुलगी म्हणाली.

"नव्हते ना? मग हे मी कोणाला सांगू? माशांना, का लक्ष्मणाला?"

एवढ्यात पुतण्या आला. त्याने सारे ऐकून घेतले आणि दार लोटून हलक्या आवाजात म्हणाला, "काका, गठ्ठा चुलीत घाला आणि गप्प बसा. बैठक परवावर आली. रंगारी गेला तर गेला. पण रामनामाने मासे मेले असे गावात झाले, तर उद्या देवळाची पायरी कोण चढेल?" त्याचे म्हणणे अगदीच गैर होते असे मला त्या क्षणी वाटले नाही, हे मी लपवीत नाही. दादांच्या साऱ्या उतारवयाचा आधार म्हणजे ते एक नाव. त्यालाच बोल लागणार होता. दादा मात्र उठून उभे राहिले. "चुलीत घालणार नाही," ते म्हणाले. "धूर कोणाच्या तरी घरात जाईल. आणि नामाने कोणी मेले नाही. या गोविंदाने मारले. गावाला दोन्ही वेगळे करून सांगता आले पाहिजे, नाहीतर मी कचेरीत इतकी वर्षे लिहिले तरी काय?"

बैठकीच्या दिवशी सभामंडप भरला होता. बायका बाहेर पारावर. लक्ष्मण खांबाला टेकून, मान खाली घालून उभा होता. दादा गठ्ठा काखेत घेऊन पुढे झाले. त्यांना भाषण करण्याची सवय नव्हती. फिर्याद वाचून दाखवावी तसे त्यांनी सर्व क्रमाने सांगितले. कागद कोठून आला, का घेतला, डोण्यांत काय झाले. पुरे झाल्यावर मंडळींतील एक वयस्कर गृहस्थ जरा हसून म्हणाले, "म्हणजे पंत, आता काठ तुम्ही सोडणार की काय?"

"तुम्ही सांगाल तर सोडीन," दादा म्हणाले. "ज्या कारणाने लक्ष्मणाला उठवीत होता, ते कारण आता माझ्या घरात निघाले. न्याय दोघांना एकच असावा."

तेवढ्यात बाहेरून, पारावरून सखूबाईचा आवाज आला. "त्यांना नका उठवू हो! मग मी भांडू कोणाशी?"

सारा मंडप हसला. लक्ष्मणही हसला आणि मग त्याने तोंड खांबाकडे फिरविले. दादा त्याच्याजवळ गेले. ते काय म्हणाले हे मी जवळ असल्यामुळे ऐकले. "लक्ष्मणा, तुझ्या पाण्यात मासे मेले नाहीत. पण सुखात होते असेही मी म्हणणार नाही. दिवसभर काठाशी तोंड वर काढून होते. आज जगले, उद्या जगतील कशावरून?" लक्ष्मणाने विचारले, "मग काय करू पंत?" दादांनी थोडा विचार करून म्हटले, "ते मलाही ठाऊक नाही. दोघे मिळून पाहू."

त्या 'पाहू'त पुढील काही महिने गेले. रंगाऱ्यांच्या घरामागे खड्डा खणून त्यात खडी-वाळू भरली गेली आणि पुडीच्या रंगाचे पाणी तेथे ओतण्याचे ठरले. दादांनी जन्मात कुदळ धरली नव्हती. पहिला घाव त्यांनी असा घातला की सखूबाई म्हणाली, "पंत, जमिनीला लागली तर नाही ना?" उन्हाळा सरण्याआधी तळे उपसले. जे थोडे मासे उरले होते ते देवळाच्या विहिरीत सोडले. तळ्याचा गाळ दरवर्षी शेतकरी हौसेने गाड्या भरून नेत. दादा काठी घेऊन गाड्यांपुढे उभे राहिले. "हा गाळ शेतात जायचा नाही. माझे काम माझ्या तळ्यात संपू दे. तुमच्या भातात नको." मग माळावर, जेथे ना विहीर ना ओहोळ, तेथे खोल खड्डा करून चुना घालून तो गाळ पुरला, आणि सर्वांत खाली आजोबांचा गठ्ठा. लोकांनी उगाच कुरकुर केली. पण खणू लागले. गावच्या मंडळींनीही तेव्हापासून नियम केला की तळ्यात काही नवे टाकावयाचे असल्यास, मग तो रंग असो की निर्माल्य, आधी डोणीत मासे ठेवून पाहावे. त्या दोन डोण्या आता देवळाच्या ओवरीत असतात.

पाऊस पडून तळे भरल्यावर शहाडच्या डोहातून माशांची पिले आणावयाची ठरली. ते काम कोपरच्या एका आगरी गृहस्थाने पत्करले. मडक्यांची कावड पायरीवर उतरवीत तो दादांना म्हणाला, "पंत, तुमी मासा खात नाय, मंग त्याची एवरी काळजी कशाला?" दादा म्हणाले, "तुम्ही खाता म्हणून तुम्हाला काळजी. मी मारले म्हणून मला." तो म्हणाला, "आमी रोज मारतांव. एवरा इचार केला तं उपाशी मरू." दादा इतके मोठ्याने हसलेले मी सासूबाई गेल्यापासून ऐकले नव्हते.

दुसऱ्या वर्षी पाण्यात वर्तुळे उठू लागली. तिसऱ्या वर्षी पिंपळावर बगळे आले; आधी थोडे, बिचकत, मग पूर्वीसारखे पांढरे झाड. खंड्या कोठून आला कोणास ठाऊक, पण तो आला आणि त्याच दगडावर बसला. आजोबा कासव मात्र परत दिसले नाही. दादा पुष्कळ दिवस काठीने शेवाळ बाजूला करून पाहत. जे गेले ते सगळे परत येत नाही, परंतु पाण्याला पुन्हा संधी दिली तर ते ती घेते, हे मी त्या तळ्याकाठी पाहिले आहे.

चिठ्ठ्यांचे व्रत दादांनी सोडले. नाम तोंडाने घेत, आणि कणकेच्या गोळ्या नुसत्या घालीत. परंतु त्यांनी एक गोष्ट सुरू केली, तिने गावात पुन्हा थोडी खळबळ झाली. प्रत्येक गोळीचा अर्धा भाग ते आधी स्वतः खात, आणि उरलेला माशांना टाकीत. ज्यांच्या घरी नैवेद्याच्या वासालाही कोणी नाक लावीत नसे, ते दादा देवाच्या तळ्यात उष्टे टाकतात! एका शास्त्रीबुवांनी त्यांना तेथेच हटकले. दादा घास चावून संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "शुद्ध घालून पाहिले, शास्त्रीबुवा. आता आधी माझ्या पोटात जाऊ दे. मला काही झाले तर उरलेले मासे वाचतील." शास्त्रीबुवांनी मान हलविली आणि ते निघून गेले. कच्ची कणीक खाऊन दादांच्या पोटाला काय होत असे ते त्यांनी कधी सांगितले नाही. माझे कुटुंब ओवा पाठवीत असे, एवढे मला माहीत आहे.

तेराव्यानंतर आम्ही ठाण्यास परत निघणार, त्याच्या आदल्या सायंकाळी मी एकटाच तळ्यावर गेलो. ऊन पिंपळाच्या शेंड्यावर होते. पायऱ्यांवर पुष्कळ माणसे बसलेली. काही ओळखीची, काही नव्हे. देवळातून आलेल्या दोन बायका, कोणी एक सोनार, लक्ष्मण आणि त्याची मुलगी, जी त्या वर्षी तान्ही होती. प्रत्येक जण गोळीचा तुकडा तोंडात टाकी आणि उरलेला पाण्यात. कोणी बोलत नव्हते, कोणी कोणाला शिकवीत नव्हते. पाय धुऊन देवळात शिरावे तितक्या सहजपणे ते चालले होते. बाहेरगावचा एक वाटसरू थांबून म्हणाला, "अहो, देवाच्या तळ्यात उष्टे घालता?" सखूबाई पायरीवर बसली होती, आता तिला कमी दिसते, तरी आवाज तोच. ती म्हणाली, "इथं असंच घालतात. माशाला द्यायचं ते आधी आपण खायचं. तुमच्या गावाला नाही का ही रीत?" तो गृहस्थ वरमून पुढे गेला.

मग तिने परातीतली एक गोळी उचलून माझ्यापुढे धरली. कणीक तिनेच मळलेली. तिच्या नखांतील नीळ गोळीच्या कडेला किंचित लागली होती. मी इकडेतिकडे पाहिले. त्या घरचे पाणी आमच्या घरात आजवर कोणी प्यालेले नव्हते.

"घ्या मास्तर," ती म्हणाली. "निळीला भिऊ नका. डोणीत बघून झालंय."

मी गोळी घेतली आणि अर्धी दातांनी तोडली. तिला मीठ नव्हते, चव नव्हती, पीठ जिभेला चिकटत होते. ते गिळेपर्यंत मी थांबलो. उरलेली अर्धी पाण्यात टाकली, तसे खालून एक मोठे, काळसर तोंड सावकाश वर आले, घास घेतला आणि पुन्हा खाली गेले.